दोन समुद्रांचा जिल्हा

वाशिम जिल्ह्याला समुद्र नाही. येथून कोणत्याही दिशेला निघालो, तरी लाटांचा आवाज कानी पडायला रात्रभराचा प्रवास करावा लागतो. असे असूनही पावसाळ्यात आपण वाशिम तालुक्यातील काटा या गावाच्या परिसरात गेलात, तर एक विलक्षण गोष्ट आपल्या पायाखाली घडत असते. येथे उगम पावणारी काटेपूर्णा उत्तरेकडे वळते, अकोला जिल्ह्यात महानच्या धरणात विसावते, पुढे पूर्णेला मिळते. पूर्णा तापीला आणि तापी सुरतेपलीकडे अरबी समुद्राला. जिल्ह्याच्या दक्षिण उतारावर पडलेले पाणी मात्र पैनगंगेत जाते, पैनगंगा वर्धेला भेटते, वर्धा प्राणहिता होऊन गोदावरीत आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. एकाच ढगातून पडलेल्या दोन थेंबांची अशी ताटातूट या माळरानावर होते. तूर-सोयाबीनच्या शेतांमध्ये उभे राहून त्याची कल्पनाही येत नाही.

हे पाणी रिकाम्या हाताने जात नाही. सोबत काळी माती नेते. पैनगंगेचे श्रावणातले पाणी आपण पाहिले असेल, तर त्या गढूळ तांबूस-काळ्या रंगाचा अर्थ वेगळा सांगायला नको. त्या मातीत काय काय असते, हा प्रश्न मला काही वर्षांपूर्वी पडला. त्याचे उत्तर शोधता शोधता मी थेट समुद्राच्या तळाशी चालणाऱ्या एका मोजणीपर्यंत जाऊन पोहोचलो. आपल्या घरी कोणी वयोवृद्ध असेल, कोणाला ‘शेक’ द्यावा लागला असेल किंवा हाडांचे, थायरॉइडचे स्कॅन करून आणले असेल, तर ही मोजणी आपल्याही उपयोगाची आहे. म्हणून हा आडवळणाचा प्रवास आपल्याला सोबत घेऊन करतो.

आधी आपली माती. विदर्भाचा हा भाग ज्या काळ्या पाषाणावर वसला आहे, तो सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हा थिजून झाला. जगातल्या प्रत्येक खडकाप्रमाणे यातही थोडे युरेनियम, थोडे थोरियम आणि पोटॅशियम असते. या द्रव्यांतून गॅमा किरणे सतत बाहेर पडत असतात. ग्रॅनाइटच्या मानाने आपला काळा पाषाण याबाबतीत बराच सौम्य. ओसरीवर बसलेल्या आजोबांच्या अंगावर ही किरणे जन्मापासून पडत आली आहेत आणि त्यांच्या आजोबांच्याही अंगावर पडत होती.

याखेरीज मातीत आणखी एक पाहुणा आहे आणि तो माणसाने धाडलेला. १९५० आणि १९६० च्या दशकांत मोठ्या राष्ट्रांनी उघड्या हवेत अण्वस्त्रांच्या चाचण्या केल्या. त्यातून उधळलेले सीझियम-१३७ वाऱ्यावर साऱ्या पृथ्वीभोवती फिरले आणि पावसाबरोबर सगळीकडे उतरले. वाशिमच्या रानावरही उतरले. त्याचा जोर १९६३ च्या सुमारास सर्वाधिक होता. आज पंचाहत्तरी ओलांडलेले आमचे वाचक तेव्हा पाटी-दप्तर घेऊन शाळेत जात असतील. सीझियम चिकणमातीच्या कणांना घट्ट धरून बसते, आणि दर ३० वर्षांनी निम्मे होत जाते. म्हणजे त्या वेळी पडलेल्याचा आज चौथा हिस्साही उरलेला नाही. जे उरले आहे ते इतके अल्प की त्याचा त्रास कोणाला नाही, पण उपयोग मात्र होतो. एखाद्या धरणाच्या तळाचा गाळ थराथराने काढून तपासला, की १९६३ चा थर सीझियमच्या खुणेवरून ओळखू येतो आणि त्यानंतर किती गाळ साचला हे कळते. शेतातली किती माती वाहून गेली, याचा हिशेबही जगभर अशाच रीतीने मांडतात. हे वाचले तेव्हा मला गंमत वाटली. बॉम्बच्या राखेची अशी पटवारीगिरी कोणाला सुचली असेल?

आता समुद्राकडे. वाशिमहून निघणारी तिसरीही एक नदी आहे, ती माणसांची. हातात एक्स-रेचे मोठे पाकीट, पिशवीत फाइल, सोबत एखादा पुतण्या किंवा जावई, आणि खिडकीशी डोके टेकून बसलेला आजारी माणूस. ही नदी पूर्वी अकोल्याला गाडी बदलून मुंबईस जाई. आता समृद्धी महामार्ग मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा या तालुक्यांतून जातो, त्यामुळे पुष्कळजण रस्त्याने जातात. तिचे मुख बहुधा परळ येथे असते. तेथे टाटा स्मारक रुग्णालय आहे, आणि त्याच आवारात १९६३ पासून भाभा अणू संशोधन केंद्राचे विकिरण औषधी केंद्रही आहे. रुग्णाला घेऊन परळला गेलेल्या माणसाला मुंबईचा समुद्र दिसतोच असे नाही. परंतु तेथून काही मैलांवर, तुर्भ्याच्या खाडीकडच्या अंगाला, त्या समुद्राच्या पोटात काय चालते ते मी आपल्याला सांगतो.

बंदरात गाळ साचतो. जहाजांची वाट मोकळी राहावी म्हणून तो उपसून लांब समुद्रात टाकावा लागतो. टाकलेला गाळ भरती-ओहोटीबरोबर पुन्हा त्याच वाटेत येऊन बसला, तर सगळा खर्च पाण्यात. गाळ कोणत्या दिशेने सरकतो हे डोळ्यांना दिसणे शक्य नाही. म्हणून भाभा अणू संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी मुंबई, हल्दिया अशा बंदरांत एक युक्ती वापरली. स्कँडियम हे मूलद्रव्य मिसळलेली काच घ्यायची, ती गाळाच्या कणांइतकीच बारीक आणि तितक्याच वजनाची होईल अशी दळायची, अणुभट्टीत ठेवून तिला किरणोत्सारी करायचे आणि ती पूड बोटीतून नेऊन समुद्रतळावर सोडायची. मग ही पूड खऱ्या गाळाबरोबर वाहू लागते. तिचा माग काढण्यासाठी एक जलाभेद्य शोधक यंत्र घसरगाडीवर बसवून बोटीमागे तळावरून ओढत नेतात. आठवड्यामागून आठवडे बोट त्याच पट्ट्यात येरझारा घालते. यंत्राने टिपलेल्या किरणांच्या आकड्यांवरून नकाशा तयार होतो आणि गाळ कोणीकडे निघाला ते कागदावर उमटते. स्कँडियम-४६ साधारण ८४ दिवसांत निम्मे होते. काम आटोपून वर्ष-दोन वर्षे गेली की त्याचा मागमूस उरत नाही.

ते यंत्र तळावरून घासत का न्यावे लागते, हे ध्यानात घ्या. बोटीत बसून, वरूनच मोजता आले असते तर एवढा खटाटोप कोणी केला नसता. कारण पाणी स्वतःच मोठी ढाल आहे. मध्यम ताकदीची गॅमा किरणे सुमारे १० सेंटिमीटर पाण्यातून गेली की त्यांतली निम्मीच सरळ पुढे जातात. आणखी १० सेंटिमीटरांनी पाव उरतात, मग आठवा भाग. एक मीटर पाणी ओलांडून सरळ पोहोचणारी किरणे हजारांतून एखादे. म्हणून समुद्रात बुडवलेल्या यंत्राला आपल्याभोवतीचे मीटर-दीड मीटरचेच जग ‘दिसते’. दाट धुक्यात कंदील धरून चालल्यासारखे. तळाची बातमी हवी, तर तळाशीच जावे लागते.

यंत्राचा जीव असतो एका स्फटिकात. थॅलियमचा लवलेश घातलेले सोडियम आयोडाइड, काचेसारखे पारदर्शक. किरण आत शिरला की त्यात प्रकाशाची बारीकशी ठिणगी उमटते. ठिणगी किती तेजस्वी, यावरून किरणाची ताकद कळते आणि ताकदीवरून तो कोणत्या घराण्यातला ते ओळखू येते. सीझियमचा किरण वेगळा, पोटॅशियमचा वेगळा, थोरियमच्या कुळातला आणखी वेगळा. हा स्फटिक ओलाव्याला इतका हळवा, की पावसाळ्यात उघड्या राहिलेल्या गुळाच्या ढेपेसारखा पाणी शोषून वाया जातो. आणि अशा वस्तूला समुद्राच्या तळाशी न्यायचे! त्याच्याभोवतीचे धातूचे कवच आणि त्याची झाकणे बनवणाऱ्यांच्या हातांना मी मनोमन नमस्कार करतो.

समुद्रात बुडताच हे यंत्र सर्वात आधी काय सांगते? पोटॅशियम. समुद्राच्या पाण्यात क्षार असतात, त्यात पोटॅशियम असते आणि त्यातला एक अत्यल्प भाग, पोटॅशियम-४०, जन्मजात किरणोत्सारी असतो. एक लिटर समुद्रजलात त्याचे सुमारे १२ अणू दर सेकंदाला फुटतात. ही खूण कोणत्याही समुद्रात ठरलेल्या जागी उमटते, म्हणून यंत्र ठीक चालले आहे ना हे तिच्यावरूनच पारखतात. दुकानदार सकाळी तराजूचे पारडे तपासतो तसे.

आता आपल्याकडे वळून पाहा. पोटॅशियम आपल्या स्नायूंतही असते. त्यावाचून हृदयाचा ठोका पडत नाही. प्रौढ माणसाच्या देहात पोटॅशियम-४० चे सुमारे ४,००० अणू दर सेकंदाला फुटत असतात. वजनास वजन धरले, तर किनाऱ्यावर उभा असलेला माणूस समोरच्या समुद्राच्या पाण्यापेक्षा चार-पाच पटींनी अधिक किरणोत्सारी! एक खुलासा लगेच करतो. मूत्रपिंडाच्या रुग्णांना केळी, शहाळ्याचे पाणी वर्ज्य सांगतात ते पोटॅशियम रक्तात साचून हृदयाची लय बिघडते म्हणून; त्याचा या किरणांशी काही संबंध नाही. तो पथ्याचा नियम पाळायचाच.

समुद्रात तरंगत्या ठेवलेल्या अशा यंत्रांना आणखी एक गोष्ट आढळते. पाऊस आला की आकडा चढतो. जमिनीतून निघालेला रेडॉन वायू हवेत मिसळतो, त्याची धुळीला चिकटलेली संतती पाऊस खाली आणतो. दोन-तीन तासांत आकडा पूर्ववत होतो, कारण ही संतती अर्ध्या तासाच्या आतच निम्मी होत जाते. जूनमध्ये वाशिमच्या पद्मतीर्थावर पहिली सर कोसळते आणि काठावरची मंडळी मृद्गंधासाठी दीर्घ श्वास घेतात, तेव्हाही हेच घडत असते. कोणी त्या सुखाच्या आड यावे असे त्यात काहीही नाही.

‘किरणे’ हा शब्द कानी पडताच दार लावून घेण्याची आपली रीत आहे. त्यामागे भीती आहे आणि ती निराधारही नाही. हिरोशिमा आपल्या पिढीने ऐकले, चेर्नोबिल वाचले, मार्च २०११ मधले फुकुशिमा टीव्हीवर पाहिले. फुकुशिमानंतर जपानच्या शास्त्रज्ञांनीही बोटीमागे शोधक ओढत समुद्रतळाचे सीझियम मोजले. ते सर्वत्र सारखे पसरलेले नव्हते. तळाच्या खोलगट जागांत अधिक साचले होते. जेथे अधिक तेथे सावधगिरी अधिक, जेथे नाही तेथे मासेमारीला वाट मोकळी. मोजल्याशिवाय हे कळले नसते. केरळच्या करुणागपल्ली किनाऱ्याची वाळू मोनाझाइटमुळे निसर्गतःच पुष्कळ किरणोत्सारी आहे. तेथल्या सुमारे ७० हजार रहिवाशांच्या आरोग्यावर वर्षानुवर्षे लक्ष ठेवून २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, त्या वाळूच्या किरणांमुळे कर्करोग वाढल्याचे आढळले नाही. यावरून किरणे निरुपद्रवी ठरत नाहीत. किती, किती वेळ आणि किती अंतरावरून, हे तीन प्रश्न विचारावे लागतात, एवढे मात्र ठरते.

माझी आत्या ऐंशीच्या उंबरठ्यावर होती. गळ्याच्या गाठीसाठी तिला मुंबईत महिनाभर शेक दिला, म्हणजे यंत्राखाली निजवून बाहेरून किरणे सोडली. ती परत आली तेव्हा घरातल्यांनी, कोणाच्याही सांगण्यावाचून, तिचा कप वेगळा केला. अंथरूण मागच्या खोलीत गेले. नातवंडांना लांबूनच ‘आजीला हात जोड’ असे शिकवले. कोणाच्याही मनात दुष्टावा नव्हता. मीही त्या घरातलाच, मीही गप्प राहिलो. तिने तक्रार केली नाही. एकदाच, मी औषध द्यायला गेलो असता, तिने विचारले, “माह्या अंगातून अजून बी काही निघते का रे?” मला उत्तर ठाऊक नव्हते. मी म्हणालो, “विचारून सांगतो.” ते विचारायचे राहून गेले. पुढच्या संक्रांतीला ती नव्हती.

उत्तर साधे होते. काही निघत नव्हते. बाहेरच्या यंत्रातून दिलेला शेक यंत्र बंद होताच संपतो. कंदील मालवल्यावर भिंतीत उजेड साठून राहत नाही, तसे. अशा रुग्णाच्या शेजारी बसावे, त्याचा हात धरावा, नातवाला मांडीवर द्यावे. त्याच्या कपातून दुसऱ्या कोणाला काही होत नाही. किरणांनी त्याची त्वचा हुळहुळी झालेली असते, तोंड आलेले असते, थकवा असतो. आपण जपायचे ते यासाठी.

जेथे औषधच शरीरात जाते तेथे गोष्ट निराळी, आणि तिचे हिशेबही ठरलेले आहेत. हाडांच्या स्कॅनसाठी सुईतून देतात ते टेक्निशियम ६ तासांत निम्मे होते. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला सोळावा भाग उरतो, आणि लघवीवाटे जाते ते वेगळेच. त्या दिवशी डॉक्टरांची मनाई नसेल तर भरपूर पाणी प्यावे, वरचेवर लघवीला जावे, तान्ह्या बाळाला फार वेळ कुशीत घेऊ नये. रुग्णाला लघवीची पिशवी किंवा डायपर असेल, तर शुश्रूषा करणाऱ्याने त्या दिवशी हातमोजे घालावेत आणि हात नीट धुवावेत. थायरॉइडच्या कर्करोगासाठी देतात ते आयोडीन-१३१ अधिक रेंगाळते, ८ दिवसांत निम्मे होते. म्हणून मोठी मात्रा दिलेल्या रुग्णाला रुग्णालयातच वेगळ्या खोलीत ठेवतात, त्याच्या अंगातून येणारी किरणे मोजतात आणि आकडा मर्यादेखाली आल्यावरच घरी सोडतात. त्यानंतरही काही दिवस वेगळे निजणे, लहान मुले व गर्भवती यांच्यापासून अंतर राखणे, संडासात दोनदा पाणी सोडणे, कपडे वेगळे धुणे अशा सूचना देतात. आपल्या रुग्णापुरते हे दिवस किती, ते सुटीच्या कागदावर लिहून घ्यावे. लिहिलेले नसेल तर विचारावे. परिचारिका, तंत्रज्ञ, डॉक्टर कोणीही सांगेल. तारीख संपली की कप पुन्हा सर्वांच्या कपांत ठेवावा. शरीरात कायमचे बीज बसवण्याचे उपचारही असतात. त्यांचे नियम वेगळे, तेही लेखी मागून घ्यावेत.

या तारखेचा हिशेब आणि समुद्रतळावरच्या बोटीचा हिशेब एकाच पाटीवरचा आहे. मला तो उशिरा उमगला, एवढेच.

तुर्भ्याचीच आणखी एक आठवण सांगून परततो. आशियातली पहिली अणुभट्टी तेथे ४ ऑगस्ट १९५६ रोजी सुरू झाली. तिचा गाभा पाण्याच्या हौदात बुडवलेला होता. वरचे पाणी हीच तिची भिंत. हौदाच्या काठावरून लोक आत वाकून पाहू शकत. तळाशी निळी प्रभा दिसे, आणि तिच्यावरून पंडित नेहरूंनी त्या अणुभट्टीला ‘अप्सरा’ हे नाव दिले. ती बंद झाल्यावर २०१८ मध्ये त्याच नावाची नवी अणुभट्टी तेथे सुरू झाली. काही मीटर निर्मळ पाणी मध्ये असले की एवढ्या प्रचंड किरणांजवळही माणूस उभा राहू शकतो, ही गोष्ट वाचली त्या संध्याकाळी मी पद्मतीर्थाच्या पायऱ्यांवर बराच वेळ बसून होतो. समोरचे पाणी हिरवट, अर्थात. निळे काही नव्हते. पलीकडच्या पायरीवर एक आजी नातवाचे पाय धूत होत्या.

आपण वाशिमला आलात तर पद्मतीर्थावर सकाळी जा, उन्हे चढण्याआधी. बालाजीचे मंदिर जवळच आहे; हे शहर एके काळी वत्सगुल्म नावाने वाकाटकांची राजधानी होते, तेव्हा पाहण्यासारखे आणखीही पुष्कळ निघेल. काट्याकडे जायचे तर श्रावणात जा, पाऊस उघडला असताना. गुडघे दुखत असतील तर गाडीतून उतरून बांधापर्यंत चालले तरी पुरे. सोबत चटई, प्यायचे पाणी आणि वेळेवरच्या गोळ्या ठेवा. घरात कोणी नुकतेच मुंबईहून उपचार घेऊन आले असेल आणि डॉक्टरांनी प्रवासाला हरकत घेतली नसेल, तर त्यांनाही बरोबर घ्या, आणि गाडीत मधल्या जागेवर, आपल्या शेजारी बसवा.